गढूळ पाण्यातले तणनाशक

मातीला घट्ट चिकटणारे तणनाशक खाली उतरत नाही, हे कृषी सल्लागार, विक्रेते आणि ऊस बागायतदार सारेच गृहीत धरतात, आणि भेगा न पडणाऱ्या जमिनीत ते बऱ्याच अंशी खरेही ठरते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत मात्र या हिशेबातली एक बाजू सुटते, ती अशी की औषध ज्याला धरून बसते तो मातीचा कणच जागचा हलू शकतो. एक मायक्रोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान कणांना कलिल कण म्हणतात. ते पाण्यात सहजासहजी तळाशी बसत नाहीत. कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यातील काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे प्रामुख्याने असतात, आणि त्यांच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे 700 ते 800 चौरस मीटर भरत असल्याने औषधाला बसायला तेथे जागेची वाण नसते. महाबळेश्वर-पाटणकडच्या जांभ्या मातीत लोहाची ऑक्साइडे कणांना एकमेकांशी बांधून ठेवतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न एवढा उग्र होत नाही.

अट्राझिनला अशा वाहनाची फारशी गरज नसते, कारण ते मातीला सैलच धरते आणि पाण्यात विरघळून खाली जाते. खरा प्रश्न ग्लायफोसेट आणि पेंडिमिथॅलिन यांसारख्या घट्ट चिकटणाऱ्या औषधांचा आहे. डेन्मार्कमधील निचरा नळ्या घातलेल्या शेतांत ही दोन्ही औषधे नळ्यांच्या पाण्यात उतरली आणि त्यांचा काही हिस्सा कणांना चिकटून आलेला आढळला. अर्थात मोठा हिस्सा रुंद रंध्रांतून विरघळलेल्या अवस्थेतच आला होता, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर सगळा दोष कणांच्या माथी मारला जाईल.

सांगलीच्या क्षारपड भागात याला आणखी एक पदर आहे. विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांहून अधिक झाले की जमीन चोपण होते आणि चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून सुटे होऊ लागतात. मात्र पाण्यात क्षार भरपूर असेपर्यंत ते गोळा होऊनच राहतात. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानावर जवळजवळ क्षारविरहित असे पावसाचे पाणी पडले की हा बांध सुटतो आणि सुटे झालेले कण भेगांवाटे खाली जातात. भूमिगत निचऱ्याने जमीन सुधारताना नेमके हेच घडण्याची शक्यता असते, कारण सच्छिद्र नळ्यांतून क्षार आधी निघून जातात आणि सोडियम मातीला चिकटून मागे राहते. त्यामुळे चोपण रानात जिप्सम न घालता केवळ नळ्या टाकणे हे अर्धेच काम होय. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि कणांना पुन्हा एकत्र बांधते.

रानातील कण असे सुटे होतात का, याची परीक्षा बांधावरही करता येते. हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ बॅटरीत घालण्याच्या शुद्ध पाण्यात अलगद सोडावे आणि ढवळू नये. ते नुसते फुटून तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ राहिले, तर कण बांधलेले आहेत असे समजावे, पण ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरून पाणी तासन्‌तास गढूळ राहिले, तर त्या रानातील कण वाहण्यास मोकळे आहेत.

पाणी तपासणीच्या पद्धतीतही याच कारणाने दुरुस्ती हवी. नमुना आधी गाळून मग तपासला, तर कणांवर बसलेले बरेचसे औषध गाळणीवरच राहते आणि अहवालात पाणी प्रत्यक्षाहून निर्मळ दिसते. म्हणून न गाळलेला आणि गाळलेला असे दोन भाग वेगवेगळे तपासले जावेत. फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात, नळीच्या तोंडाशी पाणी गढूळ असतानाच नमुना घ्यावा, आणि ग्लायफोसेट काचेला चिकटत असल्याने त्यासाठी प्लास्टिकची बाटली, तर पेंडिमिथॅलिनसाठी गडद काचेची बाटली वापरावी.