रिकामा डबा परत करू नये

शेजारणीने पाठवलेला डबा रिकामा परत करण्याची आमच्या घरी पद्धत नाही. दुसरे काही नसले तर आई त्यात चमचाभर साखर तरी घालते. कारण विचारले तर म्हणते, "नाही द्यायचा रिकामा, एवढं खरं." या रीतीमागचा अर्थ मला गेल्या वर्षात थोडाफार उमगला, तो दोन डब्यांमुळे. एक दर महिन्याला आमच्या वसतिगृहाच्या दारात येतो. दुसरा शहराबाहेरच्या टेकडीवर दगडाआड पडून असतो. मला नाद दोन्हींचा आहे, हे आधीच कबूल करते.

पहिला डबा म्हणजे वर्गणी भरून मागवलेले खोके. प्रत्येक महिन्याचा एक विषय ठरलेला असतो, पण आत काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. माझी खोलीतली मैत्रीण आणि मी वर्गणी निम्मी निम्मी भरतो. जुलैचा विषय होता पाऊस. खोके आल्याची बातमी लागताच शेजारच्या खोल्यांतल्या मुली जमल्या. चिकटपट्टी कात्रीने कापावी की नखाने सोडवावी, यावर वाद झाला. मग कागदाच्या कातरणातून चहाची पुडी, वही, कप अशा वस्तू एकेक करून निघाल्या. त्या पाच मिनिटांत आम्ही सगळ्या दहा वर्षांच्या झालो होतो. ही कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत १९२६ साली हॅरी शेरमन यांनी 'बुक ऑफ द मंथ क्लब' काढला. परीक्षकांनी निवडलेले पुस्तक दरमहा सभासदाला टपालाने घरपोच मिळे. आज पुस्तकाच्या जागी साबणापासून खेळण्यांपर्यंत काहीही येते, इतकेच.

दुसऱ्या डब्याची गोष्ट अधिक गमतीची आहे. उपग्रहांवरून पृथ्वीवरची जागा सांगणारी जी.पी.एस. यंत्रणा अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरएक मीटरने चुकू शकत असे. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तके, एक गलोल, घेवड्याच्या शिजवलेल्या दाण्यांचा डबा असा किरकोळ माल होता. नियम एवढाच : काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा. तीन दिवसांत ती बादली सापडली. या खेळाला पुढे 'जिओकॅशिंग' हे नाव पडले. यातला 'कॅश' रोकड रकमेचा नव्हे. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दातून तो आला आहे. आज जगभर असे लाखो डबे लपवलेले आहेत. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर तर १८५४ सालीच जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमेअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली होती. तिथवर पोहोचणारा आपले नावाचे कार्ड तीत टाकून येई.

माझा पहिला डबा मला फोनच्या मदतीने सापडला. पण फोन तुम्हाला जागेच्या आसपास नेऊन सोडतो. शेवटची काही पावले डोळ्यांची आणि अकलेची असतात. मी पाऊण तास त्याच झुडपांभोवती घिरट्या घालत होते. शेळ्या चारणाऱ्या आजोबांनी दोनदा विचारले, "काय हरवलं गं पोरी?" काय उत्तर द्यावे ते कळेना. अखेर एका दगडामागे प्लॅस्टिकचा डबा दिसला. आत शिंपला, परदेशी नाणे, एक बिल्ला आणि दमट झालेली वही. विकायला काढले तर सगळ्याचे मिळून वीस रुपये आले नसते. पण वहीत अनोळखी माणसांची नावे होती आणि त्यांखाली मी माझे नाव लिहिले. बिल्ला घेतला. बदल्यात ठेवायला काही आणलेच नव्हते, म्हणून वेणीची नवी रिबन काढून ठेवली. उतरताना आईची चमचाभर साखर आठवली.

आता माझे मत सांगते. घरी येणाऱ्या खोक्यात आश्चर्य असते, पण ते आपल्यापाशी येऊन थांबते. चौथ्या महिन्यात आमच्या कपाटात तीन कप, पाच वह्या आणि मेसचे थकलेले बिल एवढे जमले होते. पुढच्या खोक्याची वाट पाहताना मागच्यातली वही कोरीच होती. टेकडीवरच्या डब्यात वस्तू क्षुल्लक, पण त्या डब्याला माझ्यानंतर येणाऱ्या माणसाची आठवण असते.

म्हणून खोके वाईट, असा निकाल मात्र देऊ नये. ऑगस्टचे खोके माझी मैत्रीण न उघडता गावी घेऊन गेली. तिची आजी मांडीचे हाड मोडल्यामुळे अंथरुणाला खिळलेली. आजीने ते स्वतः उघडले, प्रत्येक वस्तू उलटसुलट करून पाहिली आणि शेजारणींना बोलावून वाटून टाकली. ज्याला टेकडी चढता येत नाही त्याच्यापर्यंत टेकडीच यावी लागते. वर्गणीचे चीज त्या महिन्यात झाले.

लपवण्याच्या खेळालाही जबाबदारी आहे. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात असाच एक डबा बॉम्ब समजून लष्कराच्या पथकाला उडवावा लागला. आपल्याकडे तर बेवारस वस्तूंपासून सावध राहण्याच्या सूचना आपण रोज ऐकतो. म्हणून जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, खणू नये, जनावरे ओढली जातील असे खाद्यपदार्थ ठेवू नयेत. हे या खेळाचेच नियम आहेत.

आपल्या महाविद्यालयात अर्धे विद्यार्थी बाहेरगावचे आहेत. तीन वर्षे राहूनही आपल्याला एस.टी. स्टँड, मेस आणि वर्ग यांपलीकडचे गाव ठाऊक नसते, आणि शेजारच्या वर्गातल्या मुलांची नावेही. माझी सूचना अशी की, प्राचार्यांच्या परवानगीने आवारात एक डबा ठेवावा, वर महाविद्यालयाचे नाव ठळक लिहावे, आत एक वही असावी. प्राध्यापक मंडळींनीही शोधायला यावे. पहिल्या वस्तू आमच्या खोलीतून येतील. फक्त डबा जरा मोठा घ्यावा. कप तीन आहेत.