पडदा सुटला, आता कोणते ऑपरेशन?

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या खानदेशी कामगाराच्या डोळ्यापुढे सावली आली, तर तो ती जागरणावर ढकलतो. ही सावली डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सुटत असल्याची असेल आणि त्याचा मधला भाग अजून जागेवर असेल, तर एकेक दिवस मोलाचा असतो. पण दवाखान्यात पोहोचल्यावर पुढे काय: बकल, गॅस की विट्रेक्टॉमी?

हल्ली कल विट्रेक्टॉमीकडे, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून पडदा बसवण्याकडे, आहे. डोळ्याला बाहेरून सिलिकॉनची पट्टी बांधणारे बकल १९५० च्या सुमाराचे, म्हणून जुनाट, असे सरसकट मानणे मला पटत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत, नैसर्गिक भिंग शाबूत असलेल्या रुग्णांना बकलनंतर अधिक चांगले दिसले. मोतीबिंदू आधीच काढलेल्यांत मात्र विट्रेक्टॉमीनंतर पडदा पुन्हा सुटण्याचे प्रमाण कमी होते. भिंग शाबूत असलेल्या डोळ्यात विट्रेक्टॉमी केली, तर मोतीबिंदू लवकर येतो, हेही हिशेबात धरायला हवे. बकललाही खोट आहे: चष्म्याचा नंबर वाढतो, कधी एकाचे दोन दिसतात.

तिसरी वाट स्वस्त आणि सुटसुटीत: डोळ्यात गॅस सोडायचा, छिद्र लेसरने किंवा गोठवून बंद करायचे. टोरांटोतल्या २०१९ च्या चाचणीत पहिल्याच खेपेत पडदा बसला तो गॅसने सुमारे ८१ टक्के रुग्णांत, विट्रेक्टॉमीने ९३ टक्क्यांत. तरीही वर्षभरानंतर नजर गॅसवाल्यांची सरस होती आणि वस्तू वेड्यावाकड्या दिसण्याचा त्रासही कमी. पण तिथले रुग्ण निवडक होते. छिद्र पडद्याच्या वरच्या भागात असेल तरच हा उपाय लागू पडतो. शिवाय मान सांगितल्याप्रमाणे ठेवायची आणि तपासणीला वेळेवर यायचे. उरलेल्या एकोणीस टक्क्यांना दुसरे ऑपरेशन लागतेच, आणि विणलेल्या कापडाच्या मीटरवर पगार घेणाऱ्याला ती दुसरी सुट्टी पहिलीपेक्षा जड जाते. अशा माणसाला गॅस सुचवताना मी तरी बिचकेन.

विट्रेक्टॉमीतही बहुधा गॅसच भरतात. घरी विश्रांतीला म्हणून हा कामगार सापुताऱ्याचा घाट चढून नाशिककडे निघाला, तर उंचीवर गॅस फुगून डोळ्यातला दाब धोकादायक वाढू शकतो. विमानही वर्ज्य. ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबारला जाण्यात हा घाट नाही, पण ते त्याला सांगणार कोण? गॅसऐवजी सिलिकॉन ऑइल भरले तर प्रवासाची ही अडचण राहत नाही, मात्र ते काढायला काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन टेबलावर यावे लागते.