ब्लँकेट दिलं, पण ते दिवसा ठेवायचं कुठं?

संपादक महोदय,



शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न सध्या अधांतरी लोंबकळतो आहे. आपल्या मंडळ्यांतले पुष्कळ लोक रस्त्यावर झोपणाऱ्यांमध्ये सेवा करतात. नाताळात ब्लँकेट, उपासनेनंतर जेवणाची पाकिटं, कुणी आजारी दिसला तर किम्सपर्यंत रिक्षा, असं काही ना काही चालू असतं. म्हणून या प्रश्नात सरकारी बाजूला काय चाललंय आणि त्यात आपलं काम कुठं बसतं, याविषयी चार शब्द लिहितो.

आधी सरकारी बाजू बघू. 2010 साली अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बेघरांसाठी निवारे उभारण्याचे आदेश दिले. 2013 मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान आलं आणि त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची वेगळी योजना ठेवली गेली. नियम अगदी साधा होता. एक लाख लोकवस्तीमागे एक कायमचा निवारा, तो चोवीस तास आणि बाराही महिने उघडा, 50 ते 100 जणांची सोय आणि माणशी 50 चौरस फूट जागा. 2011 च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची वस्ती 9.43 लाखांच्या आसपास होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यानंसुद्धा जुळ्या शहरांना किमान नऊ निवारे हवेत.

या अभियानाची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. नंतर 12 फेब्रुवारी 2025 रोजी हा विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयात निघाला. नवीन शहरी दारिद्र्य निर्मूलन अभियानाला अंतिम रूप देणं चालू आहे आणि त्यात बेघरांचा निवाराही येईल, असं केंद्रातर्फे सांगण्यात आलं. त्याच सुनावणीत न्यायपीठानं एक शेरा मारला आणि सगळी चर्चा तिकडंच वळली. फुकट रेशन आणि पैसे मिळाल्यामुळं लोक कामाला तयार होत नाहीत, त्यापेक्षा त्यांना मुख्य प्रवाहात आणावं, असा त्याचा मतितार्थ.

हा विचार आपल्यातही आहे, हे कबूल करायला हवं. जेवण वाटताना मागून कुणीतरी म्हणतंच, "धडधाकट आहेत की, कामाला जायला काय होतंय?" राग न धरता त्याला उत्तर द्यायला हवं. आपल्या शहरात रात्री बाहेर झोपणारा माणूस दिवसा काय करतो, ते बघा. कोण बाजारात ओझी उचलतो, कोण हॉटेलात भांडी घासतो, कोण लग्नाच्या मांडवात वाढायला जातो, कोण बांधकामावर असतो, कोण भंगार वेचतो. हुबळी जंक्शनला बेंगळूरू, गदग, लोंढा-गोवा आणि बेळगाव-मिरज या सगळ्या बाजूंच्या गाड्या येतात. गावाकडं पाऊस गेला, कर्ज झालं, घरात भांडण झालं की माणूस गाडीत बसतो आणि इथं उतरतो. काम मिळतं, खोली मिळत नाही. भाडं आणि डिपॉझिट रोजंदारीत बसत नाही. म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत कामाची तयारी असते, पण काम करून दमल्यावर पाठ टेकायला जागा नसते.

आणि जे खरोखर काम करू शकत नाहीत, त्यांच्यात म्हातारे आहेत, आजारी आहेत, मनाचा तोल गेलेले आहेत. त्यांना आळशी म्हणणं खोटं आहे.

याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 साली कर्नाटकातल्या पश्चिम घाटात, गंगामूळ इथं झाला. घर मराठी, मुलूख कन्नड. लहानपणापासून हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत होतं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली, आणि रमाबाई आणि त्यांचे भाऊ उपाशीपोटी, पायी देशभर हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. आज आपण ज्यांना बेघर म्हणतो, तेच जिणं त्या जगल्या होत्या. पुढं 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळं शारदा सदनात नवीन मुली ठेवायला मनाई झाली. तेव्हा त्यांनी केडगावच्या शेतात तात्पुरता निवारा उभा केला, आणि त्यातूनच मुक्ती मिशन वाढलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

पण रमाबाई नुसतं जेवण घालून थांबल्या नाहीत. विणकाम, तेलघाणा, शेती, छपाई, जिला जे जमेल ते शिकवलं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. रमाबाईंनी केलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. फुकट दिल्यानं माणूस बिघडतो का, हा प्रश्न 2025 साली न्यायालयात आला. केडगावनं त्याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. छप्पर आधी आणि काम मागोमाग, असा तो क्रम आहे. "आधी कामाला लाग, मग छप्पर बघू" असा उलटा क्रम लावला तर माणूस उभा राहत नाही.

आपल्या भागातली गोष्टही वेगळी नाही. बासेल मिशनचे लोक 1837 मध्ये धारवाडला आणि 1839 मध्ये हुबळीला आले. नव्या विश्वासणाऱ्यांना घरातून, धंद्यातून बाहेर काढलं जायचं. मग मिशननं माग घातले, आणि 1865 मध्ये मंगळूरात कौलांचा कारखाना काढला, तो यासाठीच. आज आपल्यातले किती जण स्वतःच्या पक्क्या घरात राहतात! त्यांच्यापैकी कित्येकांचे खापर-पणजोबा दुष्काळात किंवा बहिष्कारात बेघर झालेले होते. कुणीतरी त्यांना छप्पर दिलं म्हणून आज आपण अर्पण देऊ शकतो.

आता आपल्या आजच्या सेवेकडं येतो. स्टेशनबाहेर झोपणाऱ्या एका आजोबांना आमच्या तरुण संघाच्या मुलांनी चांगलं जाडजूड ब्लँकेट दिलं. आजोबांनी आनंदानं घेतलं, मग विचारलं, "अण्णा, हे दिवसा ठेवू कुठं?" मुलं गप्प झाली. त्यांचं बरोबरच होतं. ते उजाडायच्या आत उठून हमालीला जाणार. ब्लँकेट बरोबर नेता येत नाही, ठेवून गेलं तर संध्याकाळी मिळत नाही. आणि जे ब्लँकेटचं, तेच आधार कार्डाचं, रेशन कार्डाचं, औषधाच्या चिठ्ठीचं. पिशवी चोरीला गेली किंवा पावसात भिजली की माणूस कागदोपत्री नाहीसा होतो.

दुसरी गोष्ट हंगामाची. आपली सेवा डिसेंबरात जोरात असते, कारण नाताळ असतो. पण बाहेर झोपणाऱ्याला खरा त्रास जून ते सप्टेंबरात असतो. ओल्या फरशीवर झोपता येत नाही, खोकला जात नाही, कामही कमी मिळतं. त्या महिन्यांत आपली सभागृहं रात्री कुलूपबंद असतात. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडून बघा. उघड्या-भुकेल्या भावाला नुसत्या गोड शब्दांवर पाठवून देणाऱ्या विश्वासाविषयी तिथं काय लिहिलंय, ते आपल्या कुलपालाही लागू पडतं.

मग करायचं काय? फार पैसा न लागणारी चार कामं दिसतात.

पहिलं काम कागदांचं. मंडळीच्या कार्यालयात एक कुलपाचं कपाट ठेवावं. ज्याला हवं त्यानं आपले कागद, औषधं, अंथरूण तिथं ठेवावं आणि संध्याकाळी न्यावं. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला घराचा पुरावा लागत नाही. अर्जात दिलेल्या जागी तो खरंच झोपतो का, हे बीएलओनं रात्री येऊन बघायचं असतं. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. अर्ज भरून द्यायला आणि बीएलओबरोबर रात्री उभं राहायला आपले तरुण सहज जाऊ शकतात.

दुसरं काम मोजणीचं. 2011 च्या जनगणनेत देशभरात 17.73 लाख बेघर मोजले गेले, त्यातले 9.38 लाख शहरांत होते. रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर झोपणाऱ्यांची ती मोजणी 28 फेब्रुवारी 2011 च्या एका रात्रीत झाली होती. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी निधी मागताना हातात काही नसतं. दुर्गदबैलच्या दुकानांच्या पायऱ्यांवर, जुन्या बसस्टँडच्या आसपास, किम्सच्या आवाराबाहेर कोण कुठं झोपतं हे सेवा करणाऱ्यांना ठाऊक असतं. ती माहिती मोजणी करणाऱ्यांपर्यंत पोचवावी.

तिसरं काम मनाचा तोल गेलेल्यांचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 प्रमाणे असा माणूस भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायची जबाबदारी पोलिसांची आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा असतो. धारवाडला डिमहान्ससारखी संस्था असताना आपल्याकडं तरी हे अवघड वाटू नये. अशा लोकांना घरी परत पाठवता येतं, याची उदाहरणं जवळच आहेत. पास्टर के. एम. फिलिप यांनी 1999 मध्ये सुरू केलेला पनवेलचा सील आश्रम मुंबईच्या रस्त्यावरच्या लोकांना उचलून आणतो, बरं करतो आणि त्यांच्या घरच्यांना शोधतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था हेच काम करते, त्यासाठी त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कन्नड, मराठी, तेलुगू, तमिळ, कोकणी, हिंदी अशा सगळ्या भाषा आपल्या मंडळ्यांत आहेत. हरवलेल्या माणसाच्या तोंडून गावाचं नाव काढायला एवढी मोठी मदत दुसरी नाही.

चौथं काम महापालिकेला विचारायचं. कर्नाटकाच्या 1975 च्या भिक्षाबंदी कायद्याखाली मालमत्ता करावर 3 टक्के उपकर घेतला जातो, तो भिकाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी. आपण घरपट्टी भरतो तेव्हा तो भरतोच. त्यामुळं नऊ निवाऱ्यांचा हिशोब मागायचा हक्क प्रत्येक घरपट्टी भरणाऱ्याला आहे. रात्री बारा वाजता गाडीतून उतरलेल्या बाईला मुलांसह आत घेणारं दार या शहरात कुठं आहे, हे नगरसेवकाला विचारावं. चिडून नको, पण लेखी विचारावं.

आता एक नाजूक गोष्ट, ती शेजाऱ्यांसाठीही लिहितो. ख्रिस्ती माणूस गरिबाजवळ गेला की आमिष दाखवतो असा संशय घेतला जातो. 2022 चा धर्मांतरविरोधी कायदा त्याच वातावरणात आला. 15 जून 2023 ला राज्य मंत्रिमंडळानं तो मागं घेण्याचा निर्णय केला. पण संशय कायद्यानं येत नाही आणि कायद्यानं जातही नाही. तो जातो उघड वागण्यानं. आपण ताटाबरोबर अट ठेवू नये. जेवणाऱ्याला जात, धर्म विचारू नये, त्याचा फोटो काढून फिरवू नये. हिशोबाची वही शेजाऱ्यालाही बघू द्यावी. सिद्धारूढ मठाचा दासोह वर्षानुवर्षं पंगतीला बसणाऱ्याला कोण म्हणून विचारत नाही. अशा लोकांबरोबर मिळून काम करायला आपल्याला कमीपणा का वाटावा? प्रभू येशूनं मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं जे चित्र काढलंय, त्यात उपऱ्याला घरात घेतलं की नाही एवढंच विचारलंय. त्याला आपल्यात आणलं की नाही, हा प्रश्न तिथं नाही.

शेवटी उत्तेजनाविषयी. या सेवेत जाणारे लवकर थकतात. कालचा माणूस आज परत पिऊन पडलेला दिसतो, कपाटात ठेवलेले कागद घेऊन कुणी गायब होतो, नोकरी लावून दिलेला मुलगा आठ दिवसांत सोडून जातो. अशा वेळी किती माणसं सुधारली ही मोजणी करत बसू नये, ती आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी परत जाणं. ज्याचं सगळंच हरवलंय त्याला एक गोष्ट नेमानं येते, हेच मोठं असतं. आणि जाणाऱ्यालाही त्यातून मिळतं. जन्मताना ज्याला जागा मिळाली नाही, ज्याला पुढं स्वतःचं घर नव्हतं, त्या प्रभूची आपण घरात बसून प्रार्थना करतो, तेव्हा ती कधीकधी कोरडी वाटते. बाहेर झोपणाऱ्याच्या शेजारी बसून केली की तिचा अर्थ लागतो.

प्रत्येक मंडळीच्या पंचांनी पुढच्या बैठकीत एवढे दोनच विषय घ्यावेत: एक कपाट, आणि पावसाळ्यासाठी एका सभागृहाची किल्ली. बाकीचं त्यातूनच सुचत जाईल.

आपला,
एक मंडळी सदस्य
केशवापूर, हुबळी