रुपयातले दोन आणे



नाणी जमवणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'तुमच्याकडचं सगळ्यात महागडं नाणं कोणतं हो?' तुम्हीही तेच विचाराल, नाही का? अशा वेळी मी माझा पत्र्याचा डबा उघडतो आणि एक चांदीचा रुपया समोरच्याच्या तळहातावर ठेवतो. याच्याहून कितीतरी किमती नाणी बाजारात मिळतील. पण हा रुपया मी कुणालाही विकू शकत नाही. कारण तो पुरता माझा नाहीच मुळी!

हा रुपया माझ्या आजीचा. आमचं गाव वडीगोद्री. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. आजीच्या तरुणपणी मात्र तिथे निजामाचं राज्य होतं. त्या हैदराबाद संस्थानाचं नाणंही वेगळं. त्याला म्हणायचे 'हाली'. रुपयावर चारमिनारचं चित्र. त्या चारमिनारच्या मधल्या कमानीत नीट बघितलं, की एक छोटंसं उर्दू अक्षर दिसतं. ते आहे 'ऐन', म्हणजे निजाम उस्मान अली खान याच्या नावाचं पहिलं अक्षर. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे महबूब अली खानच्या नाण्यांवर तिथेच 'मीम' असतं. एवढ्याशा कमानीवरून नाणं बापाचं की लेकाचं ते कळतं. आहे की नाही गंमत?

पैठणच्या बाजूनं गोदावरी ओलांडली, की पलीकडे शेवगाव तालुका. तिथे इंग्रजांचं राज्य आणि इंग्रजांचा रुपया. त्याला 'कलदार' म्हणत. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. म्हणजे नदीच्या या काठावर खिशात सात रुपये असले, तर त्या काठावर ते सहाच! शाळेतल्या गणितापेक्षा हे गणित लोकांना चांगलं पाठ होतं.

आता रुपयाची गोष्ट.

मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. गोट्या आणि भोवरा हवा होता आणि खिशात छदाम नव्हता. सराफ जुन्या चांदीचे पैसे देतो, हे मित्राकडून कळलेलं. मग काय! आजीच्या डब्यातला हा रुपया हळूच चड्डीच्या खिशात घातला आणि निघालो. उंबरठ्यावरच आजीनं दंड धरला.

"काय रं हाय खिशात?"

मी मुकाट्यानं रुपया काढला. आता धपाटा बसणार, असं वाटलं. पण आजी खालीच बसली आणि मलाही बसवलं. म्हणाली, "लेकरा, यातले दोन आणे माझे न्हाईत. ते नावाड्याचे हायेत. दुसऱ्याचे पैसे तू कसे मोडणार?"

मग तिनं सांगितलं. १९४८ चा पावसाळा होता. देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं, तरी हैदराबाद संस्थान भारतात आलेलं नव्हतं. रझाकारांच्या दहशतीनं मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं घरदार सोडून हद्दीपलीकडे जात होती. आजीही दोन लहान लेकरांना घेऊन शेवगावकडच्या नातलगांकडे निघाली. कनवटीला हा एकच बंदा रुपया. गोदावरी दुथडी भरून वाहत होती. नावाड्यानं सगळ्यांना पैलतीरी नेलं. उतारूंचे दोन आणे झाले. आजीनं रुपया पुढे केला, पण नावाड्याकडे मोड नव्हती. तो म्हणाला, "राहू द्या माय. परत याल तवा द्या."

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. मराठवाडा मुक्त झाला. आजी दिवाळीच्या सुमारास त्याच काठानं परतली. पण नावेवर दुसराच माणूस होता. आधीचा नावाडी कुठे गेला, ते कुणालाच सांगता येईना. आणि आजीनं त्याचं नावगाव विचारलंच नव्हतं! भीतीच्या त्या घाईत कुणाला सुचणार?

तेव्हापासून हा रुपया मोडला गेला नाही. संस्थान गेलं, तरी हाली नाणी काही वर्षं चालत होती. १९५९ मध्ये ती चलनातून कायमची बाद झाली. तोवर बदलून घ्यायला मुभा होती, पण आजीनं बदलला नाही. मात्र दर वर्षी पैठणला नाथषष्ठीच्या यात्रेत ती कुणातरी गरजवंताला दोन आणे द्यायची. पुढे १ एप्रिल १९५७ ला आणे-पै गेली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. दोन आण्यांचे होतात साडेबारा पैसे. सरकारी कोष्टकात ते बारा धरलेले. आजी मात्र तेरा द्यायची. "उधारीत कमी पडू नये," म्हणायची.

मुलांनो, सराफानं हा रुपया काट्यावर टाकला असता, तर त्याला फक्त चांदी दिसली असती. मीही दुसऱ्या दिवशी गोट्या खेळत बसलो असतो. आणि ही गोष्ट कुणालाच कळली नसती.

त्या दिवसापासून मला नाण्यांचा नाद लागला. डब्यातलं प्रत्येक नाणं घेऊन मी आजीच्या मागे लागायचो. एक भोकाचा पैसा होता, १९४३ चा. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, म्हणून सरकारनं पैशाच्या मधोमध मोठं भोक ठेवून धातू वाचवला. आमच्या आजीनं तोच पैसा दोऱ्यात ओवून माझ्या काकांच्या करदोड्याला बांधला होता. काका रांगायला लागले, की तो फरशीवर वाजायचा आणि स्वयंपाकघरात बसल्या बसल्या आजीला कळायचं, स्वारी कुठे निघालीय ते!

आता माझी एक चूकही सांगतो.

डब्यात एक काळंकुट्ट तांब्याचं नाणं होतं. ती होती शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असलेलं शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं. हीच नाणी पुढे पेशवाईतही पाडली जात होती. आजोबांना ती नांगरताना सापडली होती, एवढंच मला ठाऊक होतं. मी काय केलं, तिला चिंच लावली आणि राखेनं खसाखसा घासली. नाणं लखलखीत झालं खरं, पण आधीच झिजलेली अक्षरं आणखी पुसट झाली. जाणकार म्हणतात, जुनं नाणं घासू नये. ते का, हे मला फार उशिरा कळलं.

पण त्याहून मोठी चूक वेगळीच होती. कोणत्या शेतात सापडली, एकटीच होती की आणखी काही होतं, हे मी आजोबांना विचारलंच नाही. आज विचारू, उद्या विचारू करता करता आजोबा गेले. आज त्या शिवराईच्या चिठ्ठीवर मी लिहिलंय, 'कुठे सापडली: माहीत नाही.' ती चिठ्ठी वाचली, की अजून चुटपुट लागते.

नाणं कुठे आणि कशासोबत सापडलं, याला एवढं महत्त्व का? ऐका. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी! ती होती क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारलेला. हा सगळा ठेवा एकत्र तपासायला मिळाला, म्हणूनच इतिहासकारांना कळलं, की सातकर्णीनं नहपानाला हरवून त्याचं चलनच आपलं करून घेतलं. तीच नाणी सापडल्या सापडल्या चार बाजारांत विकली गेली असती तर? म्हणून तर जमिनीत ठेवा सापडला, की तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असा १८७८ पासूनचा कायदा आहे.

मग, आजपासून तुम्ही काय कराल? नाणी विकत आणायला मुळीच जाऊ नका. घरातल्या देव्हाऱ्यात, आजीच्या बटव्यात, बाबांच्या जुन्या पेटीत बघा. चार आण्याचं नाणं नक्की सापडेल. ३० जून २०११ पासून ते बंद झालंय. नाणं कडेला धरून बघा, घासू नका. कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवा आणि सोबत चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: नाणं कोणतं, कुणाकडून मिळालं, त्यांना कुठे मिळालं होतं आणि ते का जपून ठेवलं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, बरं का! तो आजच विचारा, सुट्टीपर्यंत थांबू नका. आणि आईबाबांनो, मुलांनी विचारलं तर 'नंतर सांगतो' म्हणू नका.

आजी आता नाही. दोन आणे नाहीत आणि तेरा पैसेही उरले नाहीत. नाथषष्ठीला मी कुणाला तरी दहा रुपये देतो. तरी तो नावाडी कोण होता, हे काही कळत नाही. डब्यातल्या रुपयाच्या चिठ्ठीवर मी आजीचेच शब्द लिहून ठेवलेत: 'यातले दोन आणे माझे न्हाईत.'

तुमच्या पहिल्या चिठ्ठीवर काय लिहिलंत, ते मला पत्रानं कळवाल ना?