मोबाईलवर ३५ अंश दिसतात, म्हणून ऊन कमी?

"डॉक्टर, ऊन लागायला आपण काय नागपूरला राहतो?" एप्रिल-मे महिन्यात कोपरीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. विचारणारा माणूस घामाने निथळत असतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, पोटऱ्यांत गोळे आलेत. तरीही तो मोबाईल पुढे करून मला आकडा दाखवतो. ठाणे ३५, नागपूर ४२. म्हणजे हे ऊन नव्हे, पित्त असणार, नाहीतर व्हायरल. एक इंजेक्शन द्या, संध्याकाळी कामावर जायचंय.

आज मला या आकड्याशीच भांडायचं आहे.

आपलं शरीर थंड होतं ते घाम आल्यामुळे नव्हे, घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कपाळावरून ओघळून शर्टात मुरला, तर शरीराला जवळजवळ काहीच फायदा नाही. पाणी आणि मीठ मात्र गेलं. कोपरीच्या एका अंगाला खाडी आहे. मीठबंदराकडून येणारी हवा आधीच पाण्याने भरलेली असते, तिथे तुमचा घाम वाळणार कुठे?

हे मोजायची एक जुनी, साधी पद्धत आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळायचं आणि त्यावरून हवा खेळवायची. जे तापमान दिसतं ते 'ओलं तापमान'. घाम वाळवून शरीराची कातडी जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, याचा तो अंदाज. आता हिशेब बघा. नागपूरला ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं तापमान येतं साधारण २२. ठाण्यात ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर ते येतं साडेअठ्ठावीस. मोबाईलवर आपण सात अंशांनी खाली, आणि घामाच्या हिशेबात साडेसहा अंशांनी वर! याचा अर्थ नागपूरकर मजेत आहेत असा नाही. कोरड्या उन्हाचे हाल वेगळे. पण "आपल्याकडे कुठे तेवढं ऊन" हे वाक्य चुकीचं आहे, एवढं तरी मान्य करा.

माणूस ३५ पर्यंतचं ओलं तापमान काही तास सोसू शकेल, असं पुस्तकात मानलं जायचं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. हलकी हालचाल करतानाही त्यांच्या शरीराने ३०-३१ च्या आसपासच हार मानली. म्हणजे दमट दुपारी आपण त्या रेषेपासून दोन-अडीच अंशांवर वावरत असतो. आणि आपल्यातले किती जण तरुण आणि धडधाकट आहेत?

खारघर आठवा. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखोंची गर्दी. त्या दिवशी परिसरात पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भात हा आकडा कोणी बातमीतही घेणार नाही. तरीही तिथे चौदा माणसं गेली. त्यानंतर दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असं सरकारने ठरवलं. चांगलं झालं. पण चौदा माणसं गेल्यावर ठरवलं.

हवामान खात्याला यात सरसकट दोष देता येणार नाही. किनारपट्टीसाठी त्यांचा निकष वेगळा आहे: तापमान किमान ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, तर उष्णतेची लाट, मैदानी भागात त्यासाठी ४० लागतात. शिवाय 'उष्ण व दमट हवामान' असा पिवळा इशाराही ते देतात. तो आपण वाचत नाही. 'लाट नाही' एवढंच वाचतो आणि भर दुपारी पोरांना क्रिकेटच्या शिबिराला पाठवतो.

दुसरं भांडण "आमच्या वेळीही उन्हाळा होता" या वाक्याशी. होता की! पण जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ हे जगात आजवर मोजलेलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, आणि भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत तेच सर्वांत उष्ण. आमच्या वेळी रात्री गच्चीवर झोपलं की पहाटे चादर ओढावी लागायची. आता पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत रात्री एक वाजताही भिंत गरम लागते. दिवसभर तापलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला रात्रीची विश्रांती मिळत नाही. मला या रात्रींची भीती दुपारपेक्षा जास्त वाटते.

आणि हे मृत्यू दिसत नाहीत. सत्तरीचे आजोबा मे महिन्यातल्या पहाटे गेले, तर दाखल्यावर हृदयविकार येतो. तो खोटा नसतो, पण अर्धाच असतो. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेनंतर अभ्यासकांनी एकूण मृत्यूंची नेहमीच्या मे महिन्यांशी तुलना केली, तेव्हा तेराशेहून अधिक मृत्यू जादा निघाले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा आला. कॅनडासारख्या थंड देशात, २०२१ च्या लाटेनंतर ब्रिटिश कोलंबिया प्रांताने एकेक मृत्यू तपासून ६१९ बळी मोजले. मोजले, म्हणून त्यांना कळलं की बहुतेक जण उन्हात नव्हे, घरातच गेले.

आता थोडं आपल्या उपायांबद्दल. खिशातला कांदा काहीही करत नाही. तो भाकरीबरोबर खा. "एक सलाईन लावा" हा हट्टही नको. शुद्धीत असलेल्या, उलट्या न होणाऱ्या माणसाला ओआरएस तोंडाने दिलं तरी पुरतं. पन्हं, मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत चांगलंच आहे. मधुमेह असेल तर साखर बघून. उन्हाने चढलेल्या तापावर पॅरासिटामॉल चालत नाही. पण अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पहिला अर्धा तास हातचा जाता कामा नये.

रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्या घेणाऱ्यांनी, तसंच मानसिक आजारांवरची काही औषधं घेणाऱ्यांनी उन्हाळा सुरू होताना एकदा डॉक्टरांना भेटावं. गोळी मनाने बंद करू नका. डोस बदलायचा की नाही, ते तपासून ठरतं.

पावसाचंही तेच. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोचला. नेहमीची तारीख ११ जून. कुलाब्यात मे महिन्याच्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. "बरं झालं, उन्हाळा संपला" म्हणून सगळे खूश. पण डास आणि उंदीर कॅलेंडर बघत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि नंतर लेप्टोची साथ आली, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी मे महिन्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालत आलेला माणूस "अजून पावसाळा कुठे" म्हणून गप्प बसतो. महिना कुठलाही असो, अशा वेळी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळी वेळेत घेतली तरच उपयोगाची.

सरकारचा २०२३ मधला १२ ते ५ चा नियम सभांसाठी होता. नाक्यावरचा मजूर, पार्सल आणणारा मुलगा, साडेबाराच्या मुहूर्तावर मांडवात उभा असलेला वाढपी यांना तो लागू नव्हता. ते काम आपणच सांगतो. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनची केबिन पत्र्याची आहे का? दुपारी तीन वाजता तिथे दहा मिनिटं बसून बघा. पत्र्याला वरून पांढरा रंग, एक पंखा आणि पाण्याचा माठ, याचा खर्च किती येईल ते पुढच्या मीटिंगमध्ये विचारा.