पाणबुड्यासाठीं फुगवावयाची होडी

एका वाचक भगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत सॅन डिएगो शहरीं नोकरीस असून, पाठीवर हवेचें सिलिंडर बांधून समुद्रांत बुडी मारण्याचा त्यांस छंद आहे. किनाऱ्यापासून बुडीच्या जागेपर्यंत सामान नेण्याकरितां, फुगवून वापरावयाची एक छोटी होडी, जिला कयाक म्हणतात, ती विकत घेण्याचें त्यांनीं मनांत आणलें आहे. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. सबब घट्ट बांध्याची लांबलचक होडी ठेवण्यास जागा नाहीं. घरांत यावरून दोन पक्ष पडले. आजोबा म्हणतात, फुग्यावर बसून समुद्रांत जाणें हें शहाणपण नव्हे. काका म्हणतात, घेऊं द्या, पण स्वस्तांतली पाहा. आईचा प्रश्न मात्र नेमका आहे : मुलगा घेणारच असेल, तर कोणती घ्यावी, आणि आपण त्यास काय काय विचारावें?

आजोबांस आमची विनंती अशी कीं, फुग्यास त्यांनीं इतकें तुच्छ लेखूं नये. दुसरा अशुरनासिरपाल या असीरियन राजाच्या प्रासादांतील, इसवी सनापूर्वींच्या नवव्या शतकांतले कोरीव शिलापट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. त्यांत फुगविलेल्या कातड्यास कवटाळून नदी तरून जाणारे पुरुष स्पष्ट दिसतात. पुढें १८४० नंतरच्या दशकांत ब्रिटिश आरमारांतील पीटर हॉल्केट यानें रबरी कापडाचा असा एक झगा तयार केला कीं, पांघरला तर पावसांतलें वस्त्र आणि फुगविला तर होडी! उत्तर ध्रुवाकडील शोधमोहिमांत तिचा उपयोगही झाला. आणि पाणबुड्यांचें हल्लींचें श्वसनयंत्र तरी काय, १९४३ सालीं कूस्तो व गान्यां या दोघां फ्रेंचांनीं सिद्ध केलेलें, कोंडलेल्या हवेचेंच साधन आहे. आजोबांची भीति अनाठायीं नाहीं. ती भलत्या ठिकाणीं आहे, इतकेंच.

होडी घेणारा मनुष्य ती घेतांना आपण तिच्यांत बसलों आहों असें चित्र डोळ्यांपुढें आणतो, आणि बैठक मऊ आहे कीं नाहीं तें पाहतो. पाणबुड्याची गोष्ट निराळी. तो भर समुद्रांत होडींतून उतरतो आणि चाळीसएक मिनिटें तिच्या खालीं निघून जातो. तेवढा वेळ होडी धन्यावांचून एकटी असते; मग तो दमून वर येतो आणि त्यास पुन्हां तिच्यांत चढावयाचें असतें. त्या चाळीस मिनिटांसाठीं आणि त्या एका चढण्यासाठीं ही होडी निवडावयाची, हें ध्यानीं धरलें म्हणजे बाकीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

पहिला हिशेब ओझ्याचा. सॅन डिएगोनजीक ला होया म्हणून किनारा आहे (लिहिण्यांत जोला दिसलें तरी उच्चार होया असाच करावा). तेथें समुद्रतळाशीं खोल दरी आहे, केल्प नांवाच्या उंच सागरी वनस्पतींचीं रानें आहेत, आणि १९७० पासून तो भाग राखीव आहे. पाणी आपल्या कोंकणासारखें कोमट नव्हे, थंड. म्हणून जाड रबरी पोषाख लागतो. तो पोषाख पाण्यांत तरंगवितो, म्हणून कमरेस शिसें अधिक लागतें. आतां बेरीज करावी. मनुष्य ७५ किलो; भरलेलें अल्युमिनियमचें सिलिंडर सुमारें १६; शिसें ९; तरंगण्याचें जाकीट व श्वसनयंत्र ७; पोषाख, पायांतले पंखे वगैरे ६; नांगर, दोर, पिण्याचें पाणी ५. एकूण ११८ किलो. असे दोघे म्हटले कीं २३० च्या पुढें. बाजारांत इंटेक्स कंपनीची एक्सप्लोरर के-२ ही दोन बैठकांची होडी फार खपते. तिची सांगितलेली क्षमता १८० किलो आहे. सी ईगल कंपनीच्या ३७० क्रमांकाच्या होडीची ६५० पौंड, म्हणजे सुमारें २९५ किलो. सांगितलेल्या आंकड्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भार घालूं नये, असें आमचें मत आहे. कारण होडी बुडत नसली तरी जड होऊन लाटा आंत घेऊं लागते. तेव्हां होडी दोघांची घ्यावी आणि तिच्यांत एकट्यानें जावें. परंतु बुडी एकट्यानें मारूं नये हा त्या विद्येंतला पहिला नियम. अर्थात् सोबत्याची होडी निराळी. काकांस हें रुचणार नाहीं, परंतु सोबत्यानें आपल्या पैशानें आपली घ्यावी, त्यांत चिरंजीवांचें काय जातें?

ओझ्याच्या आंकड्यांत उत्तीर्ण झालेली होडी कापडांत नापास होऊं शकते. साधें व्हिनाइल तलावांतल्या सहलीस ठीक. सिलिंडरची कड, पट्ट्याचें बक्कल, खडकांवरची कालवें, यांच्यापुढें तें टिकत नाहीं. आंत पॉलिएस्टरचें विणकाम असलेलें जाड पीव्हीसी घ्यावें. तळ शक्य तर ड्रॉप-स्टिच पद्धतीचा असावा. त्यांत वरचा व खालचा पदर हजारों धाग्यांनीं एकमेकांस जोडलेले असतात, त्यामुळें दाब वाढविला तरी तळ गोल न फुगतां फळीसारखा सपाट व ताठ राहतो. दोन्ही बाजूंच्या नळ्या व तळ यांचे हवेचे कप्पे निरनिराळे असलेच पाहिजेत. एक फुटला तर उरलेल्यांवर घरीं येतां यावें.

हवेच्या दाबाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण येथें शाळेंतलें विज्ञान प्रत्यक्ष उपयोगास येतें. साध्या नळीच्या होडींत दर चौरस इंचास बाहेरच्यापेक्षां दोन पौंड जास्त दाब भरतात असें धरूं. बाहेरच्या हवेचा दाब १४.७, मिळून आंत १६.७. भरतांना उष्णमान २७ अंश होतें, आणि गडद रंगाची होडी वाळूंत उन्हांत पडून आंतली हवा ५७ अंशांवर गेली, तर निरपेक्ष मापानें ३०० चे ३३० झाले. म्हणजे एक दशांश वाढ. जागा तेवढीच राहिली तर १६.७ चे १८.४ होतात, त्यांतून १४.७ वजा करा, उरले ३.७. दाब जवळजवळ दुप्पट! शिवणी उसवतात त्या अशा. उलट तीच होडी १५ अंशांच्या पाण्यांत थंड झाली कीं २ चे १.३ होतात आणि मधोमध ती वांकूं लागते. म्हणून पाण्यांत घातल्यावर थोडी हवा भरावी, वाळूवर आणतांच थोडी सोडावी. भाता होडींत बरोबर असावा; घरीं ठेवलेला भाता काय कामाचा?

आकार उघडा असावा. पाय आंत घालून बसण्याचा नको. तळास पाणी वाहून जाण्याचीं भोकें असावींत. सामान पाठीवर घेऊन होडींतून उडी मारीत नाहींत. जाकीट फुगवून, दोरानें बांधून, सिलिंडरसह तें आधीं पाण्यांत सोडतात, मग स्वतः उतरून तें चढवितात. परततांना प्रथम शिसें काढून होडींत, मग जाकीट काढून दोरास, आणि पंखे पायांतच ठेवून, पाय मारीत पोटावर होडींत यावयाचें. फुगीर होडी रुंद असल्यामुळें या वेळीं ती लवकर कलंडत नाहीं. घट्ट होडीपेक्षां येथें तिची सरशी आहे. मात्र दोर अडकविण्यास मजबूत कड्या पुष्कळ हव्यात. किनाऱ्यावर लाट फुटते तेथें न बांधलेलें सामान समुद्राचेंच झालें म्हणून समजावें.

फुगीर होडीचा खरा वैरी वारा. ती पाण्यांत कमी व पाण्यावर जास्त असते, त्यामुळें वारा तिला पानासारखी नेतो. शाळेंत आम्ही मुलांकडून खारे वारे आणि मतलई वारे घोकून घेत असूं. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. जातांना तो साह्य करतो, आणि परतीचा विचार करावयास लावतो. त्या प्रांतीं सांता आना नांवाचा कोरडा वारा, विशेषतः शरद व हिवाळ्यांत, वाळवंटाकडून समुद्राकडे जोरानें सुटतो. त्या दिवशीं फुगीर होडी घडीच्या पिशवींतच बरी. तळाशीं मागें एक पाते असतें, तें लावल्यावांचून ती सरळ चालत नाहीं. तें विकत घेतांनाच पाहून घ्यावें.

नांगर लहान घडीचा चालतो, पण दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट असावा, आणि नांगर वाळूंत टाकावा. उतरतांना त्याच दोरानें उतरून नांगर रुतला आहे कीं नाहीं हें आधीं डोळ्यांनीं पाहावें, आणि वर येणेंही त्याच दोरानें. होडीवर निशाण हवें : तिकडे तांबड्यावर पांढरा तिरपा पट्टा असलेलें चालतें, आंतरराष्ट्रीय खूण म्हणजे निळें-पांढरें ‘ए’ अक्षराचें निशाण, ज्याचा अर्थ, खालीं पाणबुड्या आहे, दूर राहा व सावकाश जा.

तेव्हां त्या भगिनींनीं चिरंजीवांस किंमत विचारूं नये. तीन गोष्टी विचाराव्या. तुझें सर्व सामान तोलून पाहिलेंस काय? तुझा सोबती कोण? आणि खोल पाण्यांतून होडींत चढून पाहिलेंस काय? होडी घरीं आली कीं फुगवून रात्रभर ठेवावी, तोंडांशीं व शिवणींशीं साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पाहावें, जसें सायकलच्या ट्यूबचें पाहतात. मग परवानगी काढून एखाद्या पोहण्याच्या तलावांत, सर्व सामानानिशीं, लागोपाठ दहा वेळां उतरावें व चढावें. पहिल्या खेपेस जमतें तें महत्त्वाचें नाहीं. दहाव्या खेपेस, हात भरून आल्यावर, जमतें काय तें त्यांनीं आईस पत्रानें कळवावें.