पोस्टकार्डाएवढे चित्र

चित्र म्हटले की ते भिंतभर असावे, असा आपल्याकडे एक समज आहे. आपल्या प्रदर्शनातही मोठ्या चित्रांपुढे घोळका जमतो आणि लहान चित्रांची संभावना 'भेटकार्डे' अशी होते. या समजुतीशी मला थोडे भांडायचे आहे.

प्रथम रोकडा प्रश्न. जलरंगाच्या जाड कागदाचा पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एवढा महाग ताव बिघडला तर घरी काय सांगावे, या धास्तीने हात आखडतो, आणि जलरंग तर आखडलेल्या हाताला मुळीच वश होत नाही. त्याच तावाचे ५ बाय साडेतीन इंचांचे ३६ तुकडे होतात. मग हात मोकळा होतो!

कुणी म्हणेल, हा गरिबाचा सोयीस्कर युक्तिवाद झाला. तसे नाही. आमच्या गावच्या पारावरचा पिंपळ मी एवढ्याशा कागदावर काढते, तेव्हा पाने काढताच येत नाहीत. बुंध्याला काळ्या शाईच्या चार रेषा. शाई पाण्याने न विरघळणारी हवी. फाउंटन पेनची साधी शाई पाणी लागताच पसरते आणि सारे आभाळ मळवते. रेषा वाळल्या की हिरव्याचा एक ओला डाग, तो वाळल्यावर सावलीचा दुसरा. उजेड मात्र रंगवायचा नसतो, तो कोऱ्या कागदाचाच राखायचा असतो. तांदळाएवढी ती पांढरी जागा एकदा रंगाखाली गेली की पुन्हा तशी मिळत नाही. मोठ्या तावावर मी पानेच मोजत बसले असते. काय गाळायचे, हे लहान कागद सक्तीने शिकवतो.

पहाडी शैलीतील लघुचित्रेही कागदावर पाण्याच्या रंगांतच, फक्त अपारदर्शक रंगांत काढलेली. ती हातात धरून पाहिली जात. त्यांना कुणी भेटकार्ड म्हणत नाही! पण ती होती राजेरजवाड्यांसाठी. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रे सामान्यांच्या घरी पोचली. उपकार मोठेच, पण पोचली ती छापील प्रत. हाताने काढलेले, जगात एकच असलेले चित्र आमच्यासारख्यांच्या घरी कधी येणार? आले तर याच आकारात येईल, असे माझे मत आहे.

गेल्या दिवाळीत पिंपळाचे ते चित्र मी मावशीला दिले. तिच्या भिंतीवर आजवर वाण्याकडचे कॅलेंडरच काय ते लागले. ''हे छापलेलं की काढलेलं गं?'' तिने विचारले. काढलेले, म्हटल्यावर तिने हात पदराला पुसले आणि मगच ते घेतले.

तेव्हा पुढील प्रदर्शनात लहान चित्रांना भिंतीचा कोपरा नको. एक टेबल आणि दोन खुर्च्या द्याव्यात. बघणाऱ्यांनी बसून, हातात घेऊन पाहावे. 'हात कोरडे असावेत' ही पाटी मी स्वतः रंगवून देईन.